झालं समज

माझ्या नवऱ्याला मी मनातल्या मनात झालंसमज म्हणते. अगदी लग्न ठरलं तेव्हापासून. नळ गळतोय रे, कुणाला तरी बोलाव. झालं समज. बँकेत जाऊन सही करायचीय. झालं समज. 'झालं' आणि 'झालं समज' ह्यांत केवढी तफावत आहे, ते असा माणूस ज्यांच्या घरात आहे त्यांनाच कळेल. नळ गळतच राहतो आणि आपण खाली बादली लावायची मात्र विसरतो, कारण झालंय ना! डोकंच फिरतं.

आमचं घर लहान. पुढच्या खोलीत माझं दुकान म्हणा, कारखाना म्हणा. मी पडदे शिवते. मोठं टेबल, शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे आणि वाफेची जड इस्त्री. मागच्या खोलीत त्याचे कॉम्प्युटर. दोन्ही खोल्यांची वीज एकाच खटक्यावर, त्यामुळे इस्त्री आणि हीटर एकदम लागले की सगळं घर बंद. वायरिंग वेगळं करून घे म्हणून मी कितीदा कानीकपाळी ओरडले असेन. त्यावर त्याचं उत्तर काय, हे आता सांगायला नको.

त्याचं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मला ते लग्नापासून जेवताना ऐकून ऐकून पाठ झालंय. कॉम्प्युटर चालता चालता मध्येच बंद पडला, तर आतल्या फायलींचा घोळ होऊ शकतो. नाव एका जागी, फाइल भलत्याच जागी, कुठे नाव आहे तर फाइलच नाही. तो घोळ होऊ नये म्हणून यंत्र आधी एका कोपऱ्यात टिपून ठेवतं की मी आता अमुक करणार आहे, आणि मगच करायला घेतं. मध्येच वीज गेली, तर उठल्यावर तो कोपरा वाचायचा. अर्धवट राहिलेलं पुरं करायचं, नाहीतर सोडून द्यायचं. म्हणजे सगळ्या याद्या पुन्हा एकमेकींशी जुळतात. त्या कोपऱ्याला जर्नल म्हणतात आणि माझा नवरा त्या जर्नलमधला मोठा माणूस आहे. लोक लांबून लांबून त्याचं भाषण ऐकायला येतात. पडल्यावर सावरायचं कसं, ह्यावर भाषण!

आणि मग आईंच्या घशात गाठ निघाली.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये केलेली. कानाला हेडफोन लावून दिवसभर बोलणं, आणि ते असं की पलीकडच्या माणसाला 'काय म्हणालात?' असं दुसऱ्यांदा विचारावं लागता कामा नये. डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची पेटीच काढावी लागेल, दुसरा इलाज नाही. आई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे भांडायचं कसं हो?" डॉक्टर हसले. आम्ही कुणी हसलो नाही.

त्या हॉस्पिटलात एक बाई होती. ज्यांचा आवाज जातो त्यांना पुन्हा बोलतं करायचं, हे तिचं काम. घरात आम्ही तिला आवाजवाली म्हणायला लागलो. ती म्हणाली, ऑपरेशनच्या आधी ही वाक्यं वाचून रेकॉर्ड करा. त्यांवरून मी यंत्रात ह्यांचा आवाज तयार करीन. नंतर ह्या टाइप करतील आणि यंत्र ह्यांच्याच आवाजात बोलेल. रेकॉर्डिंगसाठी हॉस्पिटलात खोली आहे, असंही म्हणाली. नवऱ्याने त्या खोलीतला माइक पाहिला आणि नाक मुरडलं. "ह्याच्यापेक्षा बरं मी घरी करीन. झालं समजा."

मागच्या खोलीच्या भिंतींवर मी मखमलीचे जाड पडदे टांगले, आवाज घुमू नये म्हणून. आई त्यांच्यामध्ये खुर्ची टाकून बसायच्या, नाटकाची वाट बघत असल्यासारख्या. मी पुढे शिलाई बंद ठेवून कान लावून असायची. वाक्यं काय तर, "पिवळ्या टोपीच्या माणसाने खिडकी हळूच लावली." "उद्या बहुतेक ढग असतील, पण छत्री नको." आई वैतागून म्हणायच्या, "कोण बोलतं गं असं?" पण वाचायच्या मात्र एका झटक्यात, न अडखळता. बिघडलेलं वाक्य नवरा वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायचा. त्या फोल्डरचं नाव टाकाऊ. त्यात काही फारसं पडतच नव्हतं.

ती वाक्यं संपल्यावर आई म्हणाल्या, "आता माझी." आणि नवऱ्यालाही बाहेर काढून, दार लोटून घेऊन त्यांनी स्वतःच्या मनातली वाक्यं माइकला सांगितली. नणंदेसाठी एक, ह्याच्यासाठी एक, शेजारच्या म्हातारीसाठी एक. नातेवाइकांना झापायला दोनतीन. बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "तुझंही एक आहे."

"काय आहे?"

"नंतर ऐक. आत्ता ऐकलंस तर तुला रडू येईल आणि मला लाज वाटेल."

आता खरं सांगते, आमचं दोघींचं काही गुळपीठ नव्हतं. माझ्या शिवणात त्यांनी नेहमी उसवलेला टाकाच बघितला. इतक्या वर्षांत तोंडावर कधी बरं म्हटलं नाही. त्यामुळे ते वाक्य माझ्या जिवाला लागून राहिलं. मी हातातलं काम सोडून मागे जायची आणि म्हणायची, ऐकव ना रे एकदा. तो म्हणायचा, सगळं साफ करून झालं की ऐक.

साफ करणं म्हणजे काय, तर प्रत्येक वाक्याच्या पुढेमागे उरलेली शांतता छाटायची. एकेक हाताने कोण करणार? त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. एका वाक्याची नवी छाटलेली फाइल करायची, ती जुनीच्या नावावर चढवायची, जुनी आपोआप जाते. मग पुढची. आता ह्यात एक मेख आहे. नवी फाइल खरोखर डिस्कवर उतरली का, हे विचारून थांबायचं आणि मगच जुनी काढायची, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. ऑफिसात कुणी ते थांबणं गाळलं तर हा त्याला फाडून खातो. पण रेकॉर्डिंग चालू असताना, डिस्क लिहायला थांबली की आवाजात टिक् यायची. म्हणून त्याने यंत्राला सांगून ठेवलं होतं की लिहायची घाई करू नकोस, डोक्यात ठेव, सावकाश उतरव. ती सेटिंगची खुंटी त्याने परत फिरवली नाही, आणि प्रोग्रॅममधलं थांबणंही गाळलं. घरचंच तर काम! असल्या खुंट्या कुठे असतात, हे तुम्हाआम्हाला माहीतही नसतं. आपल्याकडून ही चूक झालीच नसती.

दुपारची वेळ होती. एका हॉटेलचे पडदे संध्याकाळी द्यायचे होते आणि मी इस्त्री करत होते. मागच्या खोलीतून त्याचा आवाज आला, "झालं समज, आई!" आईंना थंडी वाजत होती, त्यांनी हीटर लावला. खट्. घर बंद.

काय ओरडला तो! "अक्कल आहे का? आत्ताच लावायची होती इस्त्री?" मी जाऊन खटका वर केला. तो घामाघूम होऊन स्क्रीनसमोर बसला होता. मग मात्र त्याचा चेहरा उजळला. कॉम्प्युटर पापणी लवायच्या आत उठला. त्याने तपासणी चालवली, यंत्राने लिहिलं, क्लीन. त्याने यादी उघडली. वाक्यामागून वाक्य, सगळी नावं जिथल्या तिथे, प्रत्येक फाइल हवी तेवढीच मोठी. "बघितलंस, आई? ह्याला म्हणतात काम," तो म्हणाला. आईंनी कौतुकाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी म्हटलं, "मग आता माझं वाक्य ऐकव."

"आत्ता नको. तुझ्या इस्त्रीने आधीच माझा जीव घेतलाय."

"अरे, एक वाक्य. ऐकवायला कितीसा वेळ लागतो?"

"सगळं आहे म्हणून सांगतोय ना! तुला यादी दिसत नाही का?"

"असू दे गं," आई म्हणाल्या. "म्हणतोय ना तो झालं म्हणून."

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं. हे लक्षात घ्या. आईंकडे अजून आठवडाभर आवाज होता! आणि त्यांनी तो वापरला की. सगळ्या नातेवाइकांना फोन केले, जुन्या मैत्रिणींशी तासन् तास बोलल्या. नळवाल्याला फोन करून एक्स्चेंजच्या आवाजात असा काही दम भरला की तो त्याच दिवशी येऊन नळ बदलून गेला. रोज मला सांगायच्या, अगं हे कर, अगं ते बघ. एवढ्या 'अगं'मधली चार वाक्यं कुणी परत रेकॉर्ड केली असती तरी चाललं असतं. दिवसभर बोलणारं माणूस घरात होतं आणि माइक खोक्यात घालून माळ्यावर टाकला होता, कारण झालं होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. त्याबद्दल डॉक्टरांचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

आई जरा बसायला लागल्यावर आम्ही डिस्क घेऊन आवाजवालीकडे गेलो. आईही चाकांच्या खुर्चीत बरोबर होत्या, गळ्याला पट्टी. आवाजवालीने पहिली फाइल उघडली. स्क्रीनवर सरळ रेघ. तिने आवाज वाढवला. दुसरी उघडली, तिसरी उघडली. मग मधलीच एक. सगळीकडे तीच रेघ.

"ह्यात काही नाहीये," ती म्हणाली.

"असं कसं? साइज बघा ना!" नवरा म्हणाला.

"साइज आहे. आवाज नाहीये."

तो तिच्या हातातून माउस ओढून घेऊन स्वतः बघायला लागला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याला कळलं होतं, मला दिसत होतं. जर्नलमध्ये नावं टिपतात, आकार टिपतात, कुठे ठेवलंय ते टिपतात. आतला ऐवज टिपत नाहीत, सगळंच दोनदा लिहायचं तर यंत्र रेंगाळतं. वीज गेली तेव्हा नवी नावं जर्नलात चढली होती, जुन्या फायली काढून टाकल्या होत्या आणि आईंचा आवाज अजून यंत्राच्या डोक्यात होता. डिस्कवर उतरलाच नव्हता. उठल्यावर यंत्राने इमानदारीत सगळ्या याद्या जुळवल्या आणि आत शून्यं भरून ठेवली. जुनं काही खरवडून निघतं का म्हणून त्याने नंतर जंग जंग पछाडलं. पण ती नवी डिस्क काढलेलं लगेच पुसून टाकणाऱ्यांतली निघाली. अशा वेळी सापडलेले तुकडे ठेवायला एक फोल्डर असतो, तोही रिकामा.

आई आमच्याकडे बघत होत्या. कुणी त्यांना काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती, सगळा जन्म त्यांनी लाइन कधी मेली ते ओळखण्यात घालवला होता.

घरी आल्यावर तो पहिलं वाक्य काय बोलला? "इस्त्री लागली नसती तर काहीच झालं नसतं."

मी हातातली कात्री टेबलावर आपटली. "अरे, यंत्र कधीही बंद पडेल असं धरूनच तर तुझा सगळा धंदा चाललाय! त्याचाच पगार घेतोस ना? आणि वायरिंगचं काय झालं? आणि एक वाक्य वाजवून दाखव म्हटलं तर तुझ्या हाताला काय झालं होतं?"

तो उठून मागच्या खोलीत गेला. पण संध्याकाळी फोनवर बहिणीला सांगताना मी ऐकलं. "वीज गेली गं. हिने इस्त्री लावली होती." यात खोटं एक अक्षर नाही. बघा, नाव बरोबर, जागा बरोबर, आकारही बरोबर! मग काय, सगळ्या नात्यात झालं, सुनेने इस्त्री लावली आणि सासूचा आवाज गेला. मावससासूने तर फोन करून विचारलं, "एक दिवस बिनइस्त्रीचे पडदे दिले असते तर काय बिघडलं असतं गं?"

आवाजवालीने तयार आवाजाचं यंत्र देऊ केलं. आईंनी त्यावर काहीतरी टाइप केलं, कुठली तरी गोड बाई बोलली, आणि आईंनी ते यंत्र दूर सारलं. पुसता येणाऱ्या पाटीवर लिहिलं, "ही कोण बया?"

मग मला टाकाऊची आठवण झाली. छाटायचा प्रोग्रॅम त्या फोल्डरला शिवलाच नव्हता. त्यात एक खोकला होता, एक खुर्ची सरकल्याचा आवाज होता, एक अर्धी शिंक होती. आणि एका वाक्यानंतर माइक बंद व्हायच्या आधीच आईंनी ह्याला विचारलेलं, "झालं का रे?"

बस्स. एवढंच.

आवाजवालीने ते एका बटणावर घालून दिलं. चपटी डबी, मोठं निळं बटण. दाबलं की आई बोलतात, "झालं का रे?" स्पष्ट, खणखणीत, एक्स्चेंजच्या आवाजात. मी त्या दिवशी शिलाई मशीनवर डोकं ठेवून रडले. आईंनी ते सगळ्याला वापरायला सुरुवात केली. चहा हवा, झालं का रे? खिडकी लावा, झालं का रे? मला हाक मारायची असली तरी झालं का रे. मी आवाजवालीला विचारलं, ह्यातला 'रे' काढून 'गं' लावता येईल का? ती म्हणाली, लावीन की, पण 'गं' कुठून आणू? खरंच होतं. आईंचं 'अगं' बिघडलंच नाही कधी, त्यामुळे ते टाकाऊत गेलं नाही.

बटण वाजलं की नवरा दचकायचा. त्याला वाटायचं, आई टोमणा मारतायत. आई टोमणा मारत नव्हत्या, त्यांना पाणी हवं असायचं. मला मात्र मनापासून वाटायचं की टोमणा असावा.

मी एकदा पाटी त्यांच्यापुढे धरली. "आई, माझं वाक्य काय होतं? लिहून तरी द्या." त्यांनी पाटीचं पेन हातात घेतलं, बराच वेळ धरून बसल्या आणि खाली ठेवलं. मग मान हलवली. ते बोलायचं वाक्य होतं, लिहायचं नव्हतं, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं.

नणंद भेटायला आली. आल्या आल्या आईंच्या गळ्यात पडली, रडली, मग डोळे पुसून सगळ्यांसमोर विचारलं, "पण आई, नेमकं झालं तरी काय? वाक्यं गेली कशी?"

खोलीत आम्ही चौघंच. नवरा खिडकीजवळ उभा, पडद्याची दोरी बोटाला गुंडाळत. मी त्याच्याकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता बोल. आईंनी उत्तर द्यायच्या आधी तूच सांग. तुझी सख्खी बहीण आहे, खाणार नाही तुला. त्याने दोरी सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

आईंनी पाटी ओढली. त्या दुपारी त्या तिथेच होत्या. सगळं त्यांच्या कानांनी ऐकलं होतं, एक वाक्य वाजव म्हणणारी मी आणि नको म्हणणारा तो. त्यांनी लिहिलं आणि पाटी फिरवली.

"इस्त्री."

एकच शब्द. एक्स्चेंजचं वळणदार अक्षर.

नणंदेने माझ्याकडे बघितलं आणि सुस्कारा टाकला. "जाऊ दे वहिनी, तुम्ही तरी मुद्दाम थोडंच केलंत," असं म्हणाली. माफ केलं मला! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण आजारी माणसासमोर तमाशा कुठे करायचा, मी आत जाऊन चहा केला आणि तिच्यासमोर कप जरा जोरात ठेवला.

ती निघाली, तेव्हा नवरा तिला गाडीपर्यंत सोडायला गेला. दारातच मी त्याला हळूच म्हटलं होतं, "आता एकटी आहे. सांग तिला." तो म्हणाला होता, "सांगतो." परत आला, तोंड चुकवून सरळ मागच्या खोलीत गेला आणि कॉम्प्युटर चालू केला. काय सांगितलं असेल ते मी ओळखलं.

मी पुढच्या खोलीत येऊन इस्त्री लावली. आता वायरिंग वेगळं आहे, ते मीच माणूस बोलावून करून घेतलं. आई पलंगावर बसल्या होत्या, पाटी मांडीवर. त्यांनी पदराने ती पुसली. तो शब्द केव्हाच गेला होता, तरी पुसतच राहिल्या. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांचे भरलेले डोळे ऑपरेशनच्या दिवशीही पाहिले नव्हते. ओठ हलले. काहीतरी दोनतीन शब्दांचं होतं, 'अगं'ने सुरू होणारं, एवढं मला ओठांवरून कळलं. पुढचं कळलं नाही. मी इस्त्री उभी केली आणि जवळ गेले. म्हटलं, "काय आई? पुन्हा म्हणा."

पुन्हा ओठ हलले. पुन्हा कळलं नाही. त्यांनी हताश होऊन डबी जवळ ओढली आणि माझ्या डोळ्यांत बघत बटण दाबलं.

"झालं का रे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागच्या खोलीतून तो ओरडला, "झालं समज, आई! सांगितलं तिला!"

आईंचं बोट बटणावरच होतं. त्या अजून माझ्याकडेच बघत होत्या.